चित्रातली वेळ

मिनेसोटातल्या एका लहान चर्चची वेबसाइट मार्गिट सांभाळायची. म्हातारा, अंध व्हर्नन ती फोनकडून वाचून घ्यायचा. पण चर्चची मंडळी सूचना चित्रातच टाकत, आणि चित्रातली अक्षरं त्याच्या फोनला वाचता येत नसत. मार्गिट सांगून सांगून थकली होती. त्यातच व्हर्ननच्या जिवलग मित्राच्या अंत्यविधीची वेळ बदलली, तीही चित्रातच. व्हर्नन पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

"आता तरी ऐका," मार्गिट पास्टरना म्हणाली.

"अहो, पण चित्र किती सुंदर होतं!"

भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. घरी येऊन तिने वेबसाइटवरच्या त्या चित्राखाली सगळा मजकूर लिहिला आणि व्हर्ननला फोन केला.

"आता फोन वाचतोय का बघा."

पलीकडे यांत्रिक आवाजाने मित्राचं नाव वाचलं.

"वाचतोय," व्हर्नन म्हणाला. "थांब, पुन्हा ऐकतो."