पाहुण्याची खुर्ची

"मुंडकं कुठाय?" हरेश म्हात्रेंनी विचारलं.

बेलापूरच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात ते उभे होते. समोर काचेच्या पेटीत केशरी मच्छीचा लांबट तुकडा ठेवला होता. शेफ दार्जिलिंगचा, पण दहा वर्षं नवी मुंबईत काढलेला. तो म्हणाला, "मुंडकं नाय येत, अंकल. साफ करूनच येते."

"मग ताजी की शिळी ते ओळखायचं कसं? कल्ले उघडून बघितल्याशिवाय मी आपला खाडीतला जिताडा पण घेत नाय."

दाराशी उभा असलेला ड्रायव्हर अर्शद खाली बघून हसला. सकाळपासूनचं हे तिसरं हॉटेल. पनवेलच्या पहिल्यात सुशीवर शेजवान चटणी होती. दुसऱ्यात मच्छीला वास होता, आणि मॅनेजरचं म्हणणं, सुशीला वास येतोच. हरेशभाऊंनी त्याला हात जोडले आणि बाहेरची वाट धरली.

हरेशभाऊ रोह्याच्या एका केमिकल कंपनीत अ‍ॅडमिनचे क्लार्क. पेणहून रोज जाऊन-येऊन. पाहुण्यांचं जेवणखाण एकतीस वर्षं त्यांच्याच गळ्यात. जर्मन आले, गुजराती आले, कांदा-लसूण वर्ज्य असलेले दिल्लीचे ऑडिटर आले. कुणी उपाशी उठला नाही की पोट धरून बसला नाही. त्यांचा नेमच होता: पाहुणा जे खाणार ते आधी एक खेप घालून आपण चाखायचं, तेसुद्धा स्वयंपाकघरात, उभ्याने. पाहुण्याच्या आधी किंवा बरोबर पाटावर बसू नये, असं त्यांची आई धोंडुबाई सांगायची. भाऊंनी ते हॉटेलांनाही लावलं होतं. पाहुणे जेवायला बसले की हे गाडीत डबा उघडायचे.

महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. जपानचे ओगावा साहेब म्हणजे त्यांच्या हातचा शेवटचा पाहुणा, आणि त्याने नेमकी सुशी, म्हणजे भातावर ठेवलेली कच्ची मच्छी, मागितली होती. शेवटच्या पानाला नाव ठेवलं जाऊ नये, एवढीच भाऊंची इच्छा. नव्या मॅनेजर मनस्वी मॅडम म्हणाल्या होत्या, "भाऊ, ऑनलाइन रेटिंग बघून बुक करून टाका ना."

"मॅडम, रेटिंग देणाऱ्याचं पुढं काय झालं ते कुठं लिवलेलं नसतं."

घरी बायकोने, सगुणाबाईंनी, तर कपाळाला हात लावला होता. "कच्ची मच्छी? अवो, आपली मांजर पण कालवणातला तुकडा मागते."

आता शेफने भाऊंकडे जरा निरखून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाहुणे कधी येणार?"

"गुरुवारी."

"गुरुवारी नका आणू. मच्छी शुक्रवारी सकाळी येते. गुरुवारची आम्ही स्वतः नाय खात."

हरेशभाऊंना तो माणूस तिथेच आवडला. आपल्या धंद्याची उणी बाजू सांगणारा खोटं खायला घालणार नाही. त्यांनी आधी नुसता भात तोंडात टाकला. त्यांचं बालपण पेणजवळच्या खारेपाटातल्या भातशेतीत गेलेलं. दाणा दाण्याला धरून होता, पण चिखल नव्हता. मग ग्रामदेवतेचं नाव घेऊन मच्छीचा तुकडा गिळला आणि क्षणभर डोळे मिटून उभे राहिले.

"काय भाऊ, जमलं काय?" अर्शदने विचारलं.

"जमलं की. वंगाळ नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सगळा कार्यक्रमच फिरवायला लावला. गुरुवारचं रात्रीचं जेवण रद्द, शुक्रवारी विमानतळाच्या वाटेवर दुपारचं. मॅडम कुरकुरल्या, पण ऐकलं.

शुक्रवारी पाहुणे आत गेले. भाऊंनी गाडीत डबा उघडला. भाकरीचा पहिला तुकडा मोडतात तोच मॅडम लगबगीने बाहेर आल्या. भाऊंनी तुकडा परत डब्यात ठेवला.

"पोट बिघडलं काय कुणाचं?"

"अजून जेवलेच नाहीत ते. शेफने त्यांना तुमच्या कल्ल्यांची गोष्ट सांगितली. साहेबांचे वडील बंदरावर मच्छी विकायचे म्हणे, तेही कल्ले उघडूनच घ्यायचे. तो कल्ले बघणारा माणूस आल्याशिवाय जेवायचं नाही म्हणतायत."

"मॅडम, माझा डबा हाय."

"भाऊ, पाहुणा थांबलाय."

पाहुणा उपाशी बसलाय म्हटल्यावर इलाज नव्हता. आईचा नेम मोडायचा, पण पाहुण्यासाठीच. भाऊ हात धुऊन आत गेले. ओगावा साहेब उठून उभे राहिले, कमरेत वाकले, शेजारची खुर्ची त्यांनी स्वतः ओढली आणि पहिला तुकडा भाऊंच्या ताटलीत ठेवला. भाऊंना इतका आनंद झाला की हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्यांनी तो तुकडा सरळ बोटांनी उचलून खाल्ला. साहेबांनी हसून जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि तेही बोटांनी खाऊ लागले.

थोड्या वेळाने भाऊंनी मानेवरून हात फिरवला, वर पाहिलं आणि मॅडमकडे झुकले.

"मॅडम, या खुर्चीवर एसीचा वारा थेट मानेवर येतोय. हे उभ्याने कळत नाय. पुढच्या पाहुण्याला मी..."

ते थांबले. पुढचा पाहुणा येईल तेव्हा ते पेणला घरी असणार होते.

मॅडमनी पर्समधून पेन काढलं आणि कागदी रुमाल पुढे ओढला. "आणखी काय काय बघता, भाऊ? सगळं सांगा."

हरेशभाऊंनी खुर्ची थोडी पुढे घेतली, नीट टेकून बसले आणि सांगायला लागले.