गोगलगाईपुढची किंकाळी

त्या दिवसांत सिनेमे काळेपांढरे होते आणि आकाशातून दर शुक्रवारी काहीतरी पडायचं. कधी हत्तीएवढी मुंगी, कधी नुसताच मेंदू. पडणारी वस्तू बदलायची, पण तिला पहिल्यांदा बघणारी बाई तीच असायची. ती जीव खाऊन किंचाळायची आणि दुसऱ्या मिनिटाला मरायची. बाकीचा सिनेमा तिच्याशिवाय चालायचा, पण लोक त्या एका किंकाळीसाठी तिकीट काढत. स्टुडिओत तिला सगळे किंकाळीबाईच म्हणत.

बाळंतपणानंतर आठ महिन्यांनी ती कामावर आली, ती थेट गोगलगाईपुढे. गोगलगाय परग्रहावरची, बसएवढी. बांबू आणि कापडाच्या त्या धुडाच्या आत एक जाडजूड गृहस्थ रांगायचा. गोगलगाय नि पोटात पाय, ही म्हण ते धूड बनवणाऱ्याने फारच मनावर घेतली होती. वरून बादल्यांनी खळ ओतून तिला बुळबुळीत केलं होतं.

"अॅक्शन!"

गोगलगाय आली. फार हळू आली. किंकाळीबाईने डोळे विस्फारले, हात कानांवर नेले, आ वासला. आणि काही नाही.

"कट! बाई, आवाज कुठाय?"

ध्वनिमुद्रकाने कानावरचं काढलं. "काटा हलला नाही, साहेब. माशी शिंकली असती तरी हलला असता."

"काढला की मी," ती कुजबुजली.

"अहो, कुजबुजता काय!"

"बाळ झोपलंय ना."

रंगभूषेच्या खोलीत, टोपांच्या करंडीत, लेक झोपली होती. शेजारी सासूबाई पहाऱ्याला. लेकीची झोप म्हणजे कापूर, जरा हवा लागली की उडाली. आठ महिन्यांत किंकाळीबाई दाराची कडी श्वास धरून लावायला शिकली होती. एकदा पायाच्या अंगठ्यावर पाटा पडला, तेव्हाही तिने तोंड उघडलं, डोळ्यांतून पाणी काढलं, पण हूं की चूं केलं नाही. तेच आता अंगात भिनलं होतं.

पाच टेक झाले. पाचही मुके.

"वहिनी, उरका," गोगलगाईच्या पोटातून आवाज आला. "खळ सुकतेय. माझी ढोपरं चिकटली जमिनीला."

दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं. "जेवणाच्या सुट्टीआधी किंकाळी आली नाही, तर आमच्या मेहुणीला उभी करतो. कायमची."

मेहुणी कोपऱ्यात मफलर विणत बसली होती. ती गोड हसली.

घरी किंकाळीबाईचा पदर बाळाचा, झोप बाळाची, हाकसुद्धा 'बाळाची आई' अशीच. त्याची तिला काही तक्रार नव्हती. पण स्वतःची म्हणून उरलेली ही एकच चीज, आणि ती मेहुणीच्या पदरात पडणार!

"मग उठवा त्या बाळाला!" दिग्दर्शक ओरडला.

ध्वनिमुद्रकाने हात जोडले. "साहेब, मी चार लेकरांचा बाप आहे. हे पाप मला सांगू नका."

शेवटी दिग्दर्शकच गेला. करंडीत डोकावला. ज्याने गेल्या तीन सिनेमांत चार शहरं जाळली होती, तो चवड्यांवर परत आला. "तुम्हीच उठवा, बाई. मला धीर होत नाही."

ती आत गेली.

"काय गं?" सासूबाईंनी ओठांनीच विचारलं.

"उठवायला आलेय."

"वेड लागलं की काय! आत्ता कुठे डोळा लागलाय."

"आई, मला ओरडायचंय."

सासूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "चाळीस वर्षं झाली, मी नाही ओरडले," त्या म्हणाल्या. "उठव."

तिने लेकीच्या तळपायाला बोट लावलं. आधी खालचा ओठ बाहेर आला, मग सगळा चेहरा चुरगळला, मग भोंगा सुरू झाला. सासूबाई तिला खांद्यावर घेऊन सेटवर आल्या. गोगलगाय खरवडून जमिनीपासून सोडवली.

"अॅक्शन!"

पहिल्यांदा नुसतंच चिरकलं. मग तो पाट्याचा अंगठा वर आला, धरलेला एकेक श्वास वर आला, आणि किंकाळी फुटली. काटा शेवटाला जाऊन तिथेच राहिला. मेहुणीचे अकरा टाके सुटले. गोगलगाय मागे सरकू लागली, तसं लिहिलेलं नसतानाही, आणि आली होती त्याच्या दुप्पट वेगाने. दिग्दर्शक तीनदा "कट" म्हणाला, ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

तिने दम घ्यायला तोंड मिटलं तेव्हा कळलं, लेकीचं रडणंही थांबलंय. तिने दचकून वळून पाहिलं. सासूबाईंच्या खांद्यावर लाळ गाळत, मुठी सैल सोडून, पोरगी गाढ झोपली होती. घरी अशी कधीच झोपली नव्हती.

"एवढ्या आवाजात?" ती पुटपुटली.

"मग? नवव्या महिन्यापर्यंत जात होतीस की त्या सिनेमातल्या खेकड्यापुढे किंचाळायला. पोटात असताना तिने दुसरं काय ऐकलंय?" सासूबाई म्हणाल्या. "आणि आम्ही बसलो घर मुकं करून."

एवढ्यात लेकीने जरा चुळबूळ केली. भुवई आक्रसली, ओठ पुढे यायला लागला.

"क्लोजअपसाठी आणखी एकदा—" दिग्दर्शक घाबरत घाबरत म्हणाला.

सासूबाईंनी लगबगीने नातीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"अगं, बघतेस काय? ओरड लवकर, उठेल ती!"