लहान राहिलेली, की लहान झालेली?

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवी पडून राहिलेली एक ग्रंथी आज तुमच्याशी बोलते आहे. शास्त्राच्या पुस्तकांत माझे नाव स्वादुपिंड. वसईजवळच्या निर्मळ गावातल्या ज्या केळीच्या वाडीत मी वाढले, तिथे हे नाव कोणी उच्चारत नसे. हृदयाला गाणी मिळाली, काळजाला म्हणी मिळाल्या. मला साधी शिवीही मिळाली नाही. त्याची तक्रार करण्यासाठी मी बोलत नाही. जे मला ठाऊक आहे तेवढे सांगेन, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगेन.

मी आल्बिनाची. सॅन्टन आणि मटिल्डा या बागायतदार जोडप्याला मुलग्यांच्या पाठीवर ही एकच मुलगी झाली, एकोणीसशे साठचे दशक नुकते सुरू झाले होते तेव्हा. तिच्या डोळ्यांना दिसते आणि कानांवर पडते तेच माझ्यापर्यंत पोहोचते. माझी साक्ष तेवढ्याच मापाची धरावी.

मला कामे दोन होती. अन्न पचवणारा रस आतड्यात सोडणे हे पहिले, आणि ते मी आजही करते. दुसरे अधिक नाजूक होते. माझ्या अंगात पेशींची चिमुकली बेटे विखुरलेली होती. रक्तात साखर आली की ती बेटे इन्शुलिन सोडत आणि साखरेला देहाच्या घराघरांत पोहोचवत. या बेटांचे वजन माझ्या वजनाच्या शंभरात एक-दोन भाग, अधिक नाही. हे प्रमाण लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

वाडीत राजेळी जातीची केळी होती. थंडी सरू लागली की मटिल्डा पिकलेली राजेळी सोलून बांबूच्या मांडवावर उन्हात वाळत घाली. वाळून, आक्रसून, मधासारख्या रंगाची झाली की त्यांची सुकेळी होत. केळीच्या वाळलेल्या पानात ती गुंडाळून वाखाने बांधण्यात तिचा हात धरणारे गावात कोणी नव्हते. मांडवाखाली बसून कावळे हाकलण्याचे काम आल्बिनाचे.

"राखणदार ठेवलास की चोर?" सॅन्टन हसत विचारी. "कावळ्यांपेक्षा हीच जास्त खाते."

"खाऊ दे," मटिल्डा म्हणे. "कावळ्याच्या पोटात तर नाही ना गेली?"

आणि सुकेळ्याची ती दाट गोडी माझ्यापर्यंत येई. मी ती ओळखत असे, तिची व्यवस्था लावत असे. तेव्हा मी एकटी नव्हते, माझी बेटे सोबत होती.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या सुमारास माझ्या बेटांवर हल्ला सुरू झाला. चालून आलेले परके नव्हते. देहाच्या रक्षणासाठी रक्तात फिरणारे आमचेच राखणदार होते ते. त्यांना बेटे शत्रूसारखी का दिसली, हे मला कोणी सांगितले नाही. एकेक बेट विझत गेले. ओरडण्याची सोय मला नाही.

बाहेर एवढेच दिसत होते की आल्बिना विहिरीवरून हलत नाही, घागरभर पाणी पिते आणि तरीही तिचा घसा कोरडाच राहतो. बघता बघता तिच्या अंगावरचा झगा पिशवीसारखा लोंबू लागला. शेजारची आग्नेस कुंपणापलीकडून म्हणाली, "काय गो मटिल्डा, पोरीच्या नुसत्या काठ्या राहिल्या. सगळी सुकेळी बाजारातच धाडतेस की काय? तिला पण घाल काही."

टोमणा वर्मी लागला. त्या दिवसापासून मटिल्डा मुलीला समोर बसवून सुकेळी भरवू लागली. "खा बाय, अंगाला लागेल." आल्बिनाला तो घास नकोसा होई, पण आईचा चेहरा पाहून ती गिळत असे. जी गोडी मी कधी सहज सांभाळली होती, ती आता रक्तात वाट चुकल्यासारखी साचत गेली. मी आत होते आणि काहीही करू शकत नव्हते.

मुलगी बेशुद्ध झाली तेव्हा तिला वसईच्या दवाखान्यात नेले. ती वाचली. डायबेटीस हा शब्द घरात आला, आणि त्याच्या मागोमाग आग्नेसही आली. "एवढं गोड चारलंस," ती हळहळून म्हणाली, "मग दुसरं काय होणार गो?"

तिच्या मनात दुष्टावा नव्हता. तिला खरोखर तसे वाटत होते, आणि आपण आधी काय बोललो होतो ते ती विसरलीही होती. मटिल्डा मात्र काहीच विसरली नाही. घरी येताच तिने मांडवाचे बांबू उपटले. त्यानंतर सुकेळी झाली नाहीत. केळीचे घड हिरवेच व्यापाऱ्याकडे जाऊ लागले. तिने स्वतःच्या चहातली साखर बंद केली आणि नाताळातही गोडाचा कण तोंडात घातला नाही.

रोज सकाळी ती काचेची सिरिंज उकळून घेई आणि ओल्या मडक्यात ठेवलेल्या बाटलीतून औषध भरून मुलीच्या मांडीत टोचत असे. ते इन्शुलिन गुरांच्या स्वादुपिंडांतून काढलेले असे. माझ्याच जातीच्या, कुठेतरी कापल्या गेलेल्या मुक्या ग्रंथींचे काम रोज बाहेरून माझ्या घरी येत होते आणि मला ओलांडून जात होते. त्यांच्याशी बोलता आले असते तर बरे वाटले असते.

आल्बिना मोठी झाली, विज्ञान शिकली, शाळेत शिकवू लागली. एका लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासकाळात, ती कुमसाराच्या, म्हणजे पापांची कबुली देण्याच्या, रांगेत आईच्या मागे उभी होती. मटिल्डाला एव्हाना कमी ऐकू येई, म्हणून मुलीला सुकेळी भरवल्याचे पाप ती मोठ्याने सांगत होती. जाळीपलीकडच्या फादरांनाही त्यामुळे आवाज चढवावा लागला.

"अहो बाई, हे तुम्ही दर वेळी सांगता. हे पाप नाही."

"पाप नाही तर मग काय आहे, फादर?"

आल्बिना मान खाली घालून उभी राहिली. तिच्या आईचे निर्दोषत्व मला ठाऊक होते. हल्ला सुकेळ्यांनी घडवला नव्हता. सुकेळी तोंडात कोंबली जाण्याआधीच माझी बेटे विझू लागली होती. ही साक्ष देऊ शकणारी त्या देवळात मी एकटीच होते, आणि माझ्यासाठी तिथे जाळी नव्हती.

शहाऐंशी साली आल्बिनाचे पोट वरचेवर दुखू लागले, म्हणून तिला मुंबईला सोनोग्राफीसाठी पाठवले. मटिल्डा बरोबर होती. पोटावर थंडगार काहीतरी लावले गेले, एक यंत्र फिरले, आणि जन्मात प्रथमच कोणीतरी मला पाहिले. पडद्यावरच्या त्या करड्या पट्टीला तरुण डॉक्टर बराच वेळ न्याहाळत होता. माझ्याकडे इतका वेळ लक्ष देणारा तो पहिला माणूस.

"दुखण्याचं गंभीर कारण काही नाही," तो म्हणाला. "फक्त स्वादुपिंड लहान दिसतंय. नेहमीपेक्षा बरंच लहान. तुमच्या प्रकारच्या डायबेटीसमध्ये असं दिसतं."

आल्बिनाने विचारले, "हा प्रकार गोड खाण्याने होतो का? जरा मोठ्याने सांगा, डॉक्टर. आईला ऐकायचंय."

"नाही हो! शरीर स्वतःच स्वतःच्या पेशी मारतं. लहानपणी हिने साखरेचं पोतं खाल्लं असतं, तरी त्याने हा आजार झाला नसता."

अकरा वर्षे मी ज्या वाक्याची वाट पाहिली, ते उच्चारले गेले. मटिल्डाचा चेहरा उजळेल असे मला वाटले होते. तिने पदर सावरला आणि विचारले, "लहान म्हणजे? माझ्या पोटात असतानाच लहान राहिलं का ते?"

डॉक्टर गोंधळला. ती मुलीकडे वळली. "तुझ्या वेळी मी लेंटचे सगळे उपास धरले होते. फादर म्हणाले होते, दिवस गेलेल्या बाईला माफ आहे. मी ऐकलं नाही. मुलगी दे म्हणून देवाकडे मागणी केली होती ना. तुझ्या वाट्याचं मी पोटात घातलंच नाही, बाय."

एक दोष हातातून सुटताच तिने दुसरा पकडला होता. अकरा वर्षांच्या सवयीचे हात रिकामे राहत नाहीत.

आल्बिनाने आईचा हात धरला, पण प्रश्न डॉक्टरलाच विचारला. "ते जन्मतः लहान होतं, की आजारानंतर लहान झालं, हे या चित्रावरून कळतं?"

"नाही."

"मग कशावरून कळतं?"

"खरं सांगू? आज तरी कशावरूनच नाही. इन्शुलिन तयार होणं थांबलं की ते आक्रसत असावं, असा अंदाज आहे. पण अंदाजच."

आता माझी साक्ष हवी होती, आणि इथेच ती अपुरी पडते. माझी बेटे म्हणजे शंभरात एक-दोन भाग. ती विझली म्हणून मी एवढी कमी व्हायला नको होते. शेजारी इन्शुलिन असले की माझा उरलेला भाग पोसला जात असेल आणि ते थांबल्यावर वाळला असेल, कदाचित. मी मुळातच लहान असेन, तेही कदाचित. आपले माप घेण्यासाठी आपल्यासारखी दुसरी शेजारी असावी लागते. मला ती कधी नव्हती.

दोघी निर्मळला परतल्या. एके सकाळी आल्बिना म्हणाली, "आय, यंदा मांडव घाल."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. टोचल्यावर कधी साखर फार खाली येते, हात थरथरायला लागतात. वर्गात खडू खाली पडतो. आधी ग्लुकोजचं पाणी घेते, पण मागाहून पोटाला काहीतरी हवंच ना? पर्समध्ये तुझं सुकेळं असलं तर काय वाईट?"

मटिल्डा वाडीत जाऊन घड पाहून आली. मग ती सॅन्टनला म्हणाली, "यंदाचे दोन घड व्यापाऱ्याला देऊ नका."

मांडव उभा राहिला. कावळे आले, आग्नेसही आली. "अगोबाई, परत सुरू केलंस?" मटिल्डाने तिच्या तळहातावर एक सुकेळे ठेवले. "खा. आणि मला काही सांगू नकोस."

शेवटची रास उतरवताना तिने वाळलेले केळे एका हातात आणि ताजे राजेळी केळे दुसऱ्या हातात धरले. कितीतरी वेळ ती दोन्हींकडे पाहत होती. "आल्बिना," ती म्हणाली, "झाडावर हे एवढंसं नव्हतं गो."

"नव्हतं, आय."

"उन्हाने झालं."

आल्बिना विज्ञानाची शिक्षिका. हा पुरावा नव्हे, ही उपमा आहे, हे तिला समजत होते, मलाही समजते. केळे आणि ग्रंथी एकाच नियमाने वाळतात, असे कोणी सिद्ध केलेले नाही. तरी ती काही बोलली नाही, आणि मला बोलता आले असते तर मीही बोलले नसते.

त्या दुपारी मटिल्डाने स्वतःच्या चहात साखर घातली. चमच्याचा आवाज आल्बिनाच्या कानांतून माझ्यापर्यंत आला.

मी आजही इथेच आहे, आक्रसलेली, अर्ध्या कामाची. माझे माप पुढे कोणी घेतले, तर माझी एकच विनंती आहे: जेवढे दिसले तेवढेच सांगा. त्याखाली कोणा आईचे नाव लिहू नका.

मटिल्डा चहा पीत राहिली. तिच्या देहात, जठरामागे, माझ्यासारखीच एक ग्रंथी आहे. अकरा वर्षांनंतर ती गोडी तिने ओळखली असेल आणि निमूटपणे तिची व्यवस्था लावली असेल. आमच्यामध्ये एका चुलीच्या रुंदीइतकेच अंतर होते. मी कान देऊन राहिले. तिकडून काही ऐकू आले नाही.