मडगार्डखालची वायर

उन्हं कलली की आमच्या शेडसमोर पाय ठेवायला जागा उरत नसे. पुढे बायका, मागे पुरुष, भिंतीवर चढून बसलेली पोरं, आणि मधोमध दादाची जुनी डिझेल जीप. डावा दरवाजा चेपलेला, काचेला तडा, बॉनेटवर फुलांचा ढीग. उजवीकडे, पुढच्या चाकावरच्या मडगार्डवर हात ठेवून दिवेबाबा उभे असत. पांढरा झगा, कडक इस्त्रीचा. दुसऱ्यांच्या दुःखात रात्रंदिवस बुडालेल्या माणसाला इस्त्रीला वेळ कधी मिळतो, हे कोडं मला पहिल्याच दिवशी पडलं होतं.

“सगळ्या गाड्यांना बॅटऱ्या किती?” बाबा विचारत.

“एक!” गर्दी ओरडे.

“आणि हिला? दोन! एक इहलोकाची, एक परलोकाची. बारा व्होल्ट इथले, बारा व्होल्ट तिथले. दोन्ही जुळले की चोवीस, आणि चोवीस जुळले की या माउलीचा गेलेला बाळ बोलतो!”

हिला दोन बॅटऱ्या का, हे दादाने मला कितीदा तरी सांगितलं होतं. इंजिन जड, सुरू करायला चोवीस व्होल्ट लागतात. एकदा सुरू झालं की बाकी सगळं बारावर चालतं. बॉनेटखालचा एक डबा ही जोडणी बदलतो. परलोकाशी संबंध असलाच तर एवढाच की तो डबा बिघडला तर गाडी ढकलून ढकलून माणसाचा जीव जातो.

पण हे ऐकतो कोण? समोर खुर्चीवर आई बसलेली असायची. बाबा डोळे मिटून म्हणायचे, “बाळ, आई आली आहे. आहेस ना?” आणि हेडलाइट लागायचे. स्विच बंद, किल्ली आईच्या कमरेला, गाडीत कुणी नाही, आणि दोन्ही दिवे पिवळट, आजारी डोळ्यांसारखे उघडायचे. गर्दीतून हुंदका फुटायचा. खरं सांगते, पहिल्या संध्याकाळी मीही मनातल्या मनात दादाला हाक मारली. मी शाळेत विज्ञान शिकवते. पण दादा माझाही होता.

दादा ही जीप दवाखान्यासाठी चालवायचा. डोंगरावरच्या वस्त्यांना जिथे दुसरी गाडी चढत नाही, तिथून तो आजारी माणसं खाली आणायचा. एका बाळंतिणीला दवाखान्यात सोडून अंधारात परतताना वळणावर गाडी सरळ गेली, खड्ड्यात. गाडी जगली, तो गेला. लोकांनी उचलली जीभ, लावली टाळ्याला: डुलकी लागली असेल, नाहीतर घेतली असेल थोडी. गाडी ओढून शेडमध्ये आणली तेव्हा आई मडगार्डवर डोकं टेकून रडली, आणि दिवे लागले. तेव्हा तिथे बाबा नव्हते, कुणीच नव्हतं. म्हणून तर आईला कुणी काही समजावू शकत नव्हतं. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

बाबा आले ते नंतर, बातमी ऐकून. आल्या आल्या त्यांनी गाडीभोवती तीन-चार फेऱ्या मारल्या, इथे तिथे हात फिरवला, आणि मग आत्म्याची भाषा त्यांना अवगत झाली. दिवा लागला तर हो, नाही लागला तर नाही.

लोक काहीही विचारायला लागले. मुलीचं लग्न, हरवलेली शेळी. मला त्याचं हसू आलं असतं. पण आईला शुगर आहे, पायाच्या अंगठ्याला जखम झालेली. मी सुट्टी काढून घरी आले तेव्हा अंगठा काळा पडला होता आणि इन्सुलिनच्या बाटल्या कपाटात तशाच होत्या.

“आई, सुई का घेत नाहीस?”

“दादाला विचारलं. नको म्हणाला.”

“म्हणाला?”

“दिवा लागला नाही. दवाखान्याला जाऊ का विचारलं, तेव्हाही नाही लागला.” ती माझी समजूत घालावी तशी बोलत होती. “आयुष्यभर लोकांना दवाखान्यात नेऊन दमलाय गं तो. तो कसा जा म्हणेल?”

मी रडले, भांडले, डॉक्टरांना घरी घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, आजच चला. आई म्हणाली, तो हो म्हणाला की चालते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ही काडीच तिला खाली ओढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वायरमनकडे गेले. गाड्यांच्या वायरिंगमध्ये या भागात त्याचा हात धरणारं कुणी नाही, आणि दादाचा तो जिवलग. त्याने मान खाली घातली.

“ताई, मी तपासलंय. टेस्ट लॅम्पची एक पिन बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी हेडलाइटच्या मागे. स्विच बंद होता, आणि लॅम्प पेटला! बंद स्विचच्या पुढे करंट? वीस वर्षांत नाही पाहिलं. मी हात जोडले आणि निघून आलो.”

आता मला कळलं, सगळ्यांचा विश्वास एवढा घट्ट का बसला होता. वायरमनने हात जोडले म्हटल्यावर बाकीच्यांनी शंका घ्यायची कुठून?

मी तिथेच त्याच्या बाकावर बसून राहिले. बंद स्विच, आणि दिव्यापाशी करंट. आणि मग दादाचा आवाज आठवला. मी कॉलेजात असताना त्याने मला याच जीपचा बल्ब बदलायला लावला होता, आणि माझ्या हातावर चापट मारली होती. “आधी फ्यूज काढ, बाई! ही उलट्या काळजाची आहे. बाकीच्या गाड्यांत स्विच करंटला येताना अडवतो. हिच्यात करंट दिव्यापाशी कायम येऊन बसलेला. स्विच फक्त परतीची वाट उघडतो.”

मी वायरमनला तेच शब्द सांगितले. तो झटक्यात उभा राहिला. “म्हणजे परतीची वायर कुठेही पत्र्याला टेकली—”

“की दिवा लागणार. पत्रा म्हणजेच मायनस.”

भर दुपारी आम्ही शेडवर पोचलो. आई आत झोपली होती. शेडमध्ये बाबांचा शिष्य बॉनेट उघडून वाकला होता, आणि शालीखाली बॅटरी चार्जर! आम्हाला बघून म्हणाला, “आत्म्याला ऊर्जा देतोय.”

“द्या की,” मी म्हटलं, “पण आत्म्याला प्लस-मायनस उलटं लावू नका.” तो चार्जर तिथेच टाकून पळाला.

वायरमनने मडगार्डच्या आत हात घातला. दिव्यांकडून येणारी वायर तिथे पत्र्याच्या एका भोकातून आत जाते. भोकाच्या कडेला रबरी रिंग असायला हवी. ती नव्हती. वर्षानुवर्षं धारेवर घासून वायर तुटली होती, आणि दिव्याकडचं उघडं टोक पत्र्यापासून केसभर दूर लोंबत होतं. मडगार्ड दाबला की टोक गंजलेल्या पत्र्याला टेकायचं. गंजातून वाट अपुरी, म्हणून उजेड पिवळट.

वायरमन हात तसाच आत ठेवून रडायला लागला. “मला म्हणाला होता तो, ताई. दिवे मिचमिचतात, बघ जरा. मी म्हटलं, रविवारी आण.” रविवार यायच्या आत वळण आलं होतं.

आम्ही वायर जोडली नाही. आधी आईने बघायला हवं होतं.

संध्याकाळी गर्दी जमली. बाबांनी मडगार्डवर हात ठेवला. मी पुढे झाले.

“बाबा, आज हात खिशात ठेवून विचारा.”

“पोरी, अविश्वासाच्या जागी आत्मा थांबत नाही.”

“मग माझ्या हाताने थांबतो का पाहू. हातच्या काकणाला आरसा कशाला?” मी तळवा मडगार्डवर ठेवला. “दादा, हा माणूस लबाड आहे का?” दाबलं. दिवे लागले.

कुणीतरी फसकन हसलं. मी भिंतीवरच्या पोरांना खाली बोलावलं. एकेकाने दाबलं, दिवे लागले, सोडलं, विझले. वायरमनने सगळ्यांसमोर तुटकं टोक बाहेर ओढून दाखवलं आणि म्हणाला, “मी हात जोडले होते, ते चुकलं. मला कळलं नव्हतं, एवढंच त्यात नवल होतं.” या गडबडीत बाबा आणि त्यांची इस्त्री कधी निघून गेली, कळलंही नाही.

मला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. आई खुर्चीवरून माझ्याकडे बघत होती.

“मग मी रडले तेव्हा?”

“आई, तू इथेच डोकं टेकलं होतंस.”

तिने खुर्चीतून वाकून मडगार्डला हात लावला. मग म्हणाली, “म्हणजे तो नव्हताच.”

“नव्हता.” मी तिच्यापाशी बसले. “पण आई, वायर त्या वळणावर तुटली. दिवे गेले. त्याला डुलकी लागली नव्हती. त्याने घेतली नव्हती. त्याला रस्ताच दिसला नाही.”

तेव्हा आई रडली. दादा गेल्यापासून ती अशी, सगळी, पहिल्यांदा रडली. गर्दी आपोआप पांगली.

वायरमनने तिथल्या तिथे वायर जोडली, भोकाला रबरी रिंग बसवली. स्विच लावल्यावर दिवे पांढरेशुभ्र लागले. त्याच जीपमधून, त्याच उजेडात, आम्ही आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाऊल काढलं. आठवडाभर आधी आला असतात तर बोटावर भागलं असतं, असं म्हणाले. ते वाक्य मी अजून गिळू शकलेले नाही. दिव्याने तिला नको म्हटलं नव्हतं. एका हाताने दाबायचं टाळलं होतं.

दुःखात माणूस दार वाजलं की उठतो, याचा मला राग नाही. राग त्याचा आहे, जो ते ओळखून दार वाजवतो. म्हणून एवढंच मागणं आहे. नवल दिसलं तर हात जोडायच्या आधी एकदा हात घालून बघा. आत वायर असेल, आणि ती दुरुस्त होण्यासारखी असेल.

अजूनही लांबून कुणी कुणी येतं. परवा एक बाई आली, कडेवर तापलेलं पोर. आई कुबड्यांवर शेडपर्यंत गेली. बाईचा हात धरून तिने मडगार्डवर ठेवला.

“दाब. अजून जोरात दाब. लागला दिवा?”

“नाही.”

“नाही लागणार. त्याला काही विचारू नकोस, बाई. माझा मुलगा गेला.” मग कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. “हिला दवाखान्यात सोडून ये. आणि निघण्याआधी दिवे तपास.”