हिरवी ओळ

पडद्यावर आईची ओळ सगळ्यांत लांब होती आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवी.

आमचं यंत्र तळहाताएवढं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी ते रोज सकाळी आठला त्यांच्याच माणसाच्या आवाजात विचारतं, "आज कसं वाटतंय?" बरं असेल तर हिरवं बटण, नसेल तर पिवळं. पिवळं दाबलं की आम्हा सहाजणांच्या फोनवर घंटा वाजते. पाच देशांतले आम्ही सहाजण या परक्या शहरात दोन वर्षं त्यावर काम करत होतो. चाचणीसाठी वीस घरं निवडली, त्यांत एक माझ्या आईचं. यंत्रात आवाज माझा. आईने त्याचं नाव पोपट ठेवलं होतं.

आईला जाऊन तीन आठवडे झाले होते. कामावर परतल्याचा माझा चौथा दिवस. दुपारी देणगीदार येणार होते. त्यांनी होकार दिला की चारशे घरांत यंत्रं बसणार होती.

"तुझी हरकत नसेल तरच," आमची गटप्रमुख म्हणाली, "सुरुवात आईंच्या ओळीने करू. एकशे बारा दिवस, एकही खाडा नाही."

"माझी आई तर माझा फोनही उचलत नाही," इंजिनिअर म्हणाला. "तुझी आई फार शिस्तीची होती."

ही सगळी चांगली माणसं. आई गेल्याचं कळल्यावर त्यांनी सह्या करून पत्र पाठवलं होतं, त्यात इंजिनिअरने कुठूनतरी शोधून 'आई' हा शब्द आमच्या लिपीत काढला होता. लिहिला नव्हता, चित्रासारखा काढला होता. त्यामुळे मला बोलणं जास्तच जड जात होतं.

घर आवरताना शेजारच्या मावशींनी पोपट टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिला होता.

"अकरा दिवस ताप होता गं तिला," त्या म्हणाल्या. "मी रोज सांगायची, पिवळं दाब. तर म्हणे, पोपटाला सांगून ताप उतरतो होय? आणि तिकडे पाच देशांची माणसं बसलीत, माझ्यापायी पोरीने त्यांच्यासमोर मान खाली घालायची का? बाराव्या दिवशीही हिरवं दाबलं. दुपारी मीच दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. तुला फोन करते म्हटलं तर शपथ घातली मला."

मावशींना वाटत होतं, आईचा स्वभावच तसा. मला माहीत होतं, हे तिला कोणी शिकवलं.

यंत्र बसवल्याच्या नवव्या दिवशी आईने पिवळं दाबलं होतं. आम्ही बैठकीत होतो. टेबलावरचे सहाही फोन एकदम वाजले आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी जिन्यात जाऊन तिला फोन लावला. गुडघा दुखत होता. पाच मिनिटांत परत आले आणि संगणकात त्या पिवळ्याचं हिरवं केलं. कारण लिहिलं, 'चुकून दाबलं'.

"काय ठरलं?" गटप्रमुखने विचारलं.

"ही ओळ दाखवू नका. ती खोटी आहे."

मी सगळं सांगितलं: नववा दिवस, ताप, मावशींचं बोलणं. माझा आवाज ठीक होता.

"पण तू तिला जिन्यात असं काय म्हणालीस?" इंजिनिअरने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

मी त्यांच्या भाषेत सांगितलं, "मी म्हणाले, गुडघ्यासाठी पिवळं दाबायची गरज नाही." त्या भाषेत ते वाक्य सूचनेसारखं वाटलं. तो समजुतीने मान हलवायला लागला, आणि ती समजूत मला घ्यायची नव्हती. म्हणून मी जिन्यातलं वाक्य जिन्यातल्याच आवाजात, मराठीत म्हटलं.

"तुझा गुडघा काय आजचा आहे का आई? सगळ्यांसमोर माझी शोभा करतेस. खरंच काही झालं तर दाब ना."

शब्द त्यांना कळले नाहीत. तरी इंजिनिअरची मान हलायची थांबली.

"आणि ती काय म्हणाली?" गटप्रमुखने हळू विचारलं.

"बरं बाई, चुकलं म्हणाली."

गटप्रमुखने देणगीदारांना फोन करून आजची भेट पुढे ढकलली. माझ्याकडे न बघता संगणक उघडला आणि नवव्या दिवसाचा ठिपका पिवळा केला. मग शेवटच्या बारा दिवसांवर येऊन थांबली.

"हे सगळे पिवळे करू?"

"पहिले दोन-तीन कदाचित खरंच हिरवे असतील. सुरुवातीला ताप कमी असेल. मला माहीत नाही."

"त्या दिवसांत तुमचं बोलणं झालं नव्हतं?"

नव्हतं झालं. रोज सकाळी मी पडदा उघडायची, तिचा हिरवा ठिपका बघायची आणि कामाला लागायची. तिला कसं वाटतंय हे रोज आठला माझ्या आवाजात पोपट विचारतच होता.