शेजारचा सेन्सर

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. काचेच्या नळीतल्या पाऱ्याचा. चाळीस वर्षं हवामान केंद्राच्या अंगणात, वारा खेळता राहील अशा झडपांच्या पांढऱ्या पेटीत उभा होतो. रोज सकाळी निरीक्षक बाई पेटी उघडत आणि श्वास रोखून मला वाचत, कारण त्यांच्या श्वासाच्या उबेनेही माझा पारा हलला असता. आधी त्यांचे वडील असेच वाचत. त्याचा मला भारी तोरा होता.

मग शेजारी तापमान मोजणारा विजेवरचा सेन्सर आला. बोटाएवढा आणि गप्प. आमच्या कामात नवा आला म्हणून जुन्याला लगेच काढत नाहीत. दोन वर्षं दोघांना एकाच पेटीत ठेवून रोज ताडून पाहतात. ती दोन वर्षं मी जळफळत काढली. त्याचे आकडे बाई ऑफिसात बसल्याबसल्या पडद्यावर बघत. तो एकदा तरी सपशेल चुकावा, एवढीच माझी इच्छा होती.

एका उन्हाळ्यात बाईंचा थोरला भाऊ आला. तो रस्त्याच्या कामावर मुकादम. दुपारी बारा ते चार काम बंद ठेवा, असं पत्रक निघालं होतं आणि ते त्याला पटत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात तर दात वाजत होते, कसली तापमानवाढ, असं त्याचं म्हणणं. एका हिवाळ्यावरून ठरत नाही, चाळीस पाहावे लागतात, असं बाईंनी सांगितलं. मग तो म्हणाला, गाव वाढलं, डांबर वाढलं, म्हणून इथे तापतं. गावाने थोडी भर घातलीच, बाई म्हणाल्या, पण भर समुद्रातल्या नोंदीही चढत्याच आहेत.

"मग हे नवं यंत्रच जास्त दाखवत असेल," दादा म्हणाला.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बाईंनी नोंदवह्या आणून पेटीपाशीच उघडल्या.

"हे बघ दादा. दोन वर्षं दोघं शेजारी आहेत. फरक अंशाच्या दहाव्या भागाइतकासुद्धा नाही. आणि वाढ तर जुन्यानेच दाखवलीये, नवा यायच्या कितीतरी आधी. हे बाबांचं अक्षर आहे. बाबा खोटं लिहायचे का?"

दादाने वही हातात घेऊन ते अक्षर निरखलं. मग म्हणाला, "उद्यापासून बारानंतर काम बंद."

मी खजील झालो. ज्याला खोटं पाडायला मी टपलो होतो, तो रोज माझ्याच बाजूने साक्ष देत होता.

आता मी कपाटात आहे आणि पेटी त्याची एकट्याची. मत्सर अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? तरी मित्रांनो, त्याच्या झडपा पुसत जा. धूळ साचली की वारा अडतो आणि आकडा चुकतो. मग कोणी मुकादम म्हणेल, यंत्रच खोटं, आणि भर दुपारी माणसं पुन्हा उन्हात उभी करील.