निशाणी नांगर

दुबईच्या अल बर्शात विद्युल्लतेच्या शेजारी राहणाऱ्या हेलनला अखेर चारशे वर्षांपूर्वीचा पूर्वज सापडला. रॉबर्ट, इंग्लंडातल्या एका खेड्यातला साधा शेतकरी. त्याच्या मृत्युपत्राचा फोटो तिने विद्युल्लतेला दाखवला खरा, पण तिचा चेहरा पडलेलाच होता. सहीच्या जागी त्याने वेडावाकडा नांगर काढला होता.

"एवढा रिसर्च केला आणि निघाला निरक्षर," हेलन पुटपुटली.

विद्युल्लता उसळलीच. "मग त्यात लाज कसली? आमच्या साताऱ्याकडे जुन्या कागदांवर शेतकऱ्याची निशाणी नांगरच असायची. माझ्या खापरपणजोबांचीही आहे. ज्याच्यावर घर जगतं, तेच माणूस सहीला काढणार ना!"

हेलनने फोटो मोठा करून पुन्हा नीट पाहिला. मग बराच वेळ पाहतच राहिली.

तेवढ्यात बेल वाजली. हेलनचं पार्सल आलं होतं. कुरिअरवाल्याने मोबाइल पुढे केला, "मॅडम, साइन. यल्ला, जल्दी."

हेलनने स्क्रीनवर बोटाने सावकाश नांगर काढला.

"ये साइन है?" तो गोंधळला.

विद्युल्लता उत्तर देणार, तोच हेलन ताठ मानेने म्हणाली, "हो. चारशे वर्षं जुनी."